तुम्ही विचारलंत म्हणून: अल्लाबक्ष सूमरोंसाठी मी का भांडते

व्याख्यान संपतं, चहा येतो आणि प्रश्न सुरू होतात. पुढच्या रांगेतून कुणी विचारतं, "मॅडम, तुमचा हा अल्लाबक्ष म्हणजे इंग्रजांचा खानबहादूर. सिंधमधला बडा वडेरा, म्हणजे जमीनदार. त्याच्यासाठी एवढं का भांडता?" मागच्या रांगेतला प्रश्न वेगळा असतो. "चांगला मुसलमान दाखवायचा म्हणून शोधून काढलात ना?" आणि या दोघांच्या मधे बसलेलं कुणीतरी, बहुधा मनाने चांगलं माणूस, विचारतं, "तो जगला असता तर फाळणी टळली असती का?"

या तिन्ही प्रश्नांना मी आजवर तुकड्यातुकड्यांनी उत्तरं दिली. सभागृहाची वेळ संपत आलेली, माइकवाला वायर गुंडाळायला लागलेला, अशा वेळी जे बोलता येतं ते बोलले. त्यातून माझ्याबद्दल आणि अल्लाबक्षांबद्दल जे समज झाले, ते आता मला सोसत नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

मी सिंधी नाही. माहेरी-सासरी कुणी कधी सिंधूचं पाणी पाहिलेलं नाही. पण नोकरीची सगळी वर्षं उल्हासनगरात इतिहास शिकवण्यात गेली. समोर बसलेल्या मुलांच्या घरी शिकारपूर, सक्कर, लारकाना ही गावं रोजच्या बोलण्यात असायची. स्वातंत्र्यलढ्यातला हेमू कलाणी त्या मुलांना ठाऊक होता. 21 जानेवारी 1943 ला तो सक्करला फासावर गेला तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. गाणारे संत भगत कंवरराम यांचा फोटो घरोघरी होता. पण ज्या सिंध प्रांतात हे दोघे मारले गेले, त्या प्रांताचा दोनदा मुख्यमंत्री झालेला, खानबहादुरी परत करणारा आणि हेमू गेला त्याच वर्षी भर रस्त्यात गोळ्या घालून मारला गेलेला माणूस, म्हणजे अल्लाबक्ष, त्यांना माहीत नव्हता. क्रमिक पुस्तकात तो नव्हता आणि आजीच्या गोष्टींतही नव्हता. पुस्तकाचं मी समजू शकते. आजीच्या गोष्टींत तो का नव्हता, हे कळायला मला फार वेळ लागला. त्याबद्दल पुढे सांगेनच.

आधी वडेरेपणाचं. हो, अल्लाबक्ष जमीनदार होते. 1900 साली शिकारपूरच्या श्रीमंत सूमरो घराण्यात जन्मले, मॅट्रिक झाले आणि वडिलांच्या ठेकेदारीत शिरले. सरकारी ठेके आणि जमिनी, दोन्ही घरात होत्या. सिंधमध्ये जमीनदार असणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या रयतवारीत वाढलेल्या माणसाला चटकन कळत नाही. हजारो एकरांचा मालक, आणि त्याच्या जमिनीवर राबणारे हारी. हारी म्हणजे बटाईने कसणारं कूळ, ज्याच्या नावावर काहीच नाही. साहेब दौऱ्यावर आला की त्याच्या तंबूपासून कोंबड्यांपर्यंत सगळी सरबराई गावाच्या माथी. त्याबदल्यात वडेऱ्याला कमिशनरच्या दरबारात बसायला खुर्ची मिळायची आणि आफरीननामा, म्हणजे साहेबाच्या सहीचं शाबासकीपत्र. कुणाला खुर्ची मिळाली आणि कुणाची गेली, यावरून घराण्याघराण्यांत पिढ्यानुपिढ्यांची वैरं चालत. अल्लाबक्ष त्याच जगातले. त्यांची खानबहादुरी त्याच खुर्चीची मोठी बहीण होती.

हे मी लपवत नाही. उलट ज्यांना ते लपवावंसं वाटतं त्यांच्याशीही माझं भांडण आहे. शिकारपूरचे गांधी, खादी घालणारा फकीर वगैरे लिहिणारे लोक आहेत. खादी ते घालत, हे खरं. पण त्यांच्या दोन्ही मंत्रिमंडळांनी हारींसाठी काही केलं नाही, हेही खरं आहे. सिंधमध्ये कुळांचा कायदा आला तो 1950 साली, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, दुसऱ्याच देशात. सभागृहात त्यांना टेकू देणारे बहुतेक सगळे जमीनदारच होते. हारीची बाजू घेतली असती तर मंत्रिमंडळ आठवडाभर टिकलं नसतं, असं त्यांच्या वतीने म्हणता येतं आणि मी ते म्हटलंही आहे. पण मंत्रिमंडळ टिकवणं हे काही हारीचं काम नव्हतं.

तरीसुद्धा. सत्तेवर आल्यावर त्यांनी जे मोडलं ते आपल्याच वर्गाच्या मानपानाचं होतं. मानद मॅजिस्ट्रेट ही पदवी नव्हे, ते हत्यार होतं. ज्या वडेऱ्याच्या हातात ते असे तो आपल्याच कुळाला आपल्याच ओसरीवर बसून शिक्षा देऊ शके. अल्लाबक्षांनी मानद मॅजिस्ट्रेट नेमणं बंद केलं. लोकल बोर्डांवर सरकारने आपली माणसं नेमायची, तेही बंद केलं. वर्षानुवर्षं परदेशात वनवास भोगणारे मौलाना उबेदुल्ला सिंधी मार्च 1939 मध्ये कराचीच्या बंदरात उतरू शकले, ते यांचं सरकार होतं म्हणून. यादी फार मोठी नाही. पण यातल्या प्रत्येक गोष्टीने त्यांचा एकेक पाठीराखा दुखावला. ज्याच्याकडे गमावण्यासारखं होतं त्याने काय गमावायची तयारी दाखवली, हे मला पाहायचं असतं. बापाने दिलेली खुर्ची सोडणाऱ्या माणसाला तुम्ही "शेवटी खुर्चीवालाच" म्हणता, तेव्हा मला राग येतो. तो मी व्याख्यानात आवरते, इथे आवरत नाही.

आपला संबंध काय, असंही विचारतात. सिंध 1847 पासून 1 एप्रिल 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता. अल्लाबक्ष 1926 साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून आले. त्या कौन्सिलचं पावसाळी अधिवेशन पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचं. शिकारपूरच्या उन्हातून आलेला हा तरुण सभासद आपल्याच लोकांच्या शेजारी बसून राजकारण शिकला. तेव्हा हा परका इतिहास आहे असं मला वाटत नाही.

आता मंझिलगाह. हे नाव काढलं की माझे सिंधी श्रोते सरळ होऊन बसतात आणि मराठी श्रोते घड्याळाकडे बघतात. म्हणून दोघांसाठी सविस्तर सांगते.

सक्करला सिंधूच्या काठावर अकबराच्या काळातल्या दोन जुन्या इमारती आहेत, त्यांना मंझिलगाह म्हणतात. एक घुमटाची. ती मशीद आहे असं मुसलमान म्हणत, धर्मशाळा आहे असं हिंदू म्हणत. इंग्रज आले तेव्हापासून ती जागा सरकारच्या ताब्यात पडून होती. समोर नदीत साधबेलो बेट, तिथे उदासी पंथाचं मोठं तीर्थ. घाट, मेळे, भजनं. मशीद सुरू झाली की वाद्यांवरून रोज कटकट होणार, ही हिंदूंची धास्ती. आपली मशीद सरकारी गोदामासारखी पडली आहे, ही मुसलमानांची सल. दोन्हींत थोडंथोडं तथ्य होतं, आणि अनेक वर्षं दोन्ही बाजू अर्ज-विनंत्यांवर भागवत होत्या.

1939 साली त्याला धार आली ती सभागृहातल्या आकड्यांमुळे. सिंधची विधानसभा साठ जणांची. निम्म्याहून थोड्या जास्त जागा मुसलमानांच्या, पण ते जमीनदार, मीर, पीर, सय्यद अशा टोळ्यांत विभागलेले. हिंदू सभासद जिकडे जातील तिकडे सरकार. 1938 च्या मार्चमध्ये सर गुलाम हुसेन हिदायतुल्लांचं सरकार पडलं आणि हिंदू सभासदांच्या पाठिंब्याने अल्लाबक्ष आले. त्याच ऑक्टोबरात जिना स्वतः कराचीला आले, मुस्लिम लीगची परिषद भरली, अल्लाबक्षांनी लीगमध्ये यावं म्हणून वाटाघाटी झाल्या, त्या फिसकटल्या. शेतसाऱ्यावरून काही साथीदार आधीच बिथरले होते. सक्करच्या धरणासाठी काढलेलं कर्ज नव्या प्रांताच्या डोक्यावर होतं, ते फेडायला धरणाच्या पाण्यावरच्या जमिनींचा सारा वाढवला, आणि सभागृहात बसलेले सगळे त्याच जमिनींचे मालक. सभागृहातले त्यांचे साथीदार जी. एम. सय्यद त्यांना सोडून लीगकडे गेले ते या दिवसांत. लीगला अल्लाबक्षांना पाडायचं होतं. सारा हा काही रस्त्यावर नेण्याजोगा विषय नव्हता. मशीद होती.

1 ऑक्टोबर 1939 ला लीगने सत्याग्रह सुरू केला. जथ्थे येत, अटक होत. शेकडो माणसं आत गेली. आणि मग दोन-तीन दिवसांतच सरकारने त्यांना सोडून दिलं. सुटलेल्यांनी सरळ जाऊन मंझिलगाहचा ताबा घेतला.

इथे मी नेहमी थांबते. का सोडलं? उघड उत्तर असं, की तुरुंग भरले होते, ईद-रमजानचे दिवस जवळ येत होते आणि आपल्याच धर्माच्या लोकांवर लाठी चालवणारा मुख्यमंत्री ही लीगला हवी असलेली तसबीर होती. ती त्यांना द्यायची नव्हती. पण एकदा इमारत गेल्यावर पुढचे सहा-सात आठवडे काय? ती परत घेतली नाही, ती देऊनही टाकली नाही. दिली असती तर हिंदू सभासद उठून गेले असते. घेतली असती तर उरलेसुरले मुसलमान सभासद गेले असते. दोन्हीकडे सरकार पडत होतं, म्हणून काहीच केलं नाही. ते चाललेलं असताना गावोगाव भाषणं होत होती. शहरातला प्रत्येक दिवस मागच्या दिवसापेक्षा गढूळ होत गेला.

1 नोव्हेंबरच्या रात्री रुक स्टेशनवर भगत कंवररामांना गोळी घातली. कंवरराम कोण, हे सिंधी माणसाला सांगायला नको. मराठी वाचकासाठी एवढंच, की पायात घुंगरू बांधून रात्र रात्र गाणारा हा भगत. त्याच्या पदांत सूफी शायरांचे बोल असत, त्याला ऐकायला हिंदू-मुसलमान सारखेच येत आणि झोळीत पडलेले पैसे तो गोरगरिबांत वाटून मोकळा होई. तो मारला गेला तेव्हा कुणाला काय होणार आहे ते कळायला हवं होतं. मुख्यमंत्र्याला तर नक्कीच. त्यानंतरही अठरा दिवस गेले.

19 नोव्हेंबरला पोलिसांनी अश्रुधूर आणि लाठ्या वापरून इमारत रिकामी केली, सय्यदांसह पुढाऱ्यांना अटक केली आणि सक्कर पेटलं. शहर दोन-तीन दिवसांत थंड झालं, पण आसपासच्या खेड्यांत, जिथे हिंदूंची पाच-दहा घरं असत, तिथे आग पुढे सरकली. दीडशेच्या वर माणसं मेली. त्यांतली फार मोठी संख्या हिंदूंची. न्यायमूर्ती वेस्टन यांच्याकडे चौकशी गेली. गांधीजींनी सिंधच्या हिंदूंना सांगितलं, की मानाने राहता येत नसेल तर स्थलांतर करावं. सिंधी हिंदूंच्या तोंडी जाण्याची भाषा आली ती 1947 साली नव्हे, तेव्हापासून.

आजीच्या गोष्टींत अल्लाबक्ष का नाहीत, त्याचं कारण हे. मुलांच्या आज्यांना ते ठाऊक होते. त्यांनी ते नाव मुद्दाम खाली ठेवलं होतं.

एकदा व्याख्यानानंतर एक वयस्कर गृहस्थ थांबले. मूळचे सक्कर जिल्ह्यातले. सगळे गेल्यावर म्हणाले, "ताई, तुम्ही 1942 चं फार छान सांगितलंत. पण आमच्या घरातली दोन माणसं 1939 मध्ये गेली. तेव्हा मुख्यमंत्री कोण होतं?" मी लीगचं नाव घेतलं. सय्यदांनी पुढे आयुष्यभर त्या आंदोलनाचा पश्चात्ताप उघडपणे बोलून दाखवला, तेही सांगितलं. ते म्हणाले, "आग लावणाऱ्याचं नाव मला पाठ आहे. पाण्याची बादली कोणाच्या हातात होती, ते विचारतोय."

या प्रश्नावर मी त्यांच्याशी पुढे पुष्कळदा वाद घातला. मी म्हटलं, अल्लाबक्षांनी पहिल्याच दिवशी लाठी चालवली असती तर दंगल ऑक्टोबरातच झाली असती. ते म्हणाले, "लहान झाली असती." मी म्हटलं, ते राजीनामा देऊन मोकळे झाले असते तर लीगचं सरकार आलं असतं. ते म्हणाले, "एप्रिलमध्ये ते गेलेच की. मग आमचे लोक कशासाठी मेले?" त्यांचा हिशोब चुकत नव्हता. 1940 च्या वसंतात अल्लाबक्षांचं सरकार गेलं, मीर बंदेअली तालपूर आले. सहा आठवडे जे वाचवायला थांबले, ते सहा महिनेही टिकलं नाही.

मी तरुणपणी याच विषयावर लिहिताना त्या आठवड्यांना "संयम" म्हटलं होतं. तो लेख मला आज पटत नाही. त्या लेखिकेशी मी मनात भांडते. ती म्हणते, चहूकडून घेरलेल्या माणसाकडून तू निर्णायकपणाची अपेक्षा कशी करतेस? मी म्हणते, घेरलेला असो वा नसो, सत्ता त्याच्याकडे होती. ती म्हणते, सत्ता गव्हर्नरकडे होती, याच्याकडे नुसतं नाव होतं. आणि इथे मला गप्प बसावं लागतं, कारण पुढच्या तीन वर्षांनी तिचं म्हणणं खरं ठरवलं.

ती तीन वर्षं आता पटकन सांगते, कारण ती तुम्ही माझ्या तोंडून अनेकदा ऐकली आहेत. सत्ता गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत, एप्रिल 1940 च्या अखेरीस, दिल्लीत आझाद मुस्लिम परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष अल्लाबक्ष होते. लीगचा लाहोरचा ठराव, म्हणजे पाकिस्तानच्या मागणीचा, होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. जमियत उलेमा, अहरार, विणकरांची मोमीन परिषद, शियांची राजकीय परिषद असे कितीतरी पक्ष तिथे आले आणि मुसलमानांच्या वतीने लीग एकटी बोलत नाही, हे त्यांनी उघड सांगितलं. सक्करमध्ये ज्याला लीगने इस्लामचा शत्रू ठरवलं होतं, तो माणूस घरी न बसता तिथे जाऊन उभा राहिला. मार्च 1941 मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. या दुसऱ्या खेपेचाही डाग आहे. हूरांना, म्हणजे पीर पागारोंच्या बंडखोर शिष्यांना, चिरडणारा कायदा मार्च 1942 मध्ये त्यांच्याच काळात झाला. जूनमध्ये सैनिकी कायदा लागला. हूरांचे पीर पागारो हे काही वर्षांपूर्वी आपल्या रत्नागिरीच्या तुरुंगात होते. 20 मार्च 1943 ला त्यांना फाशी दिलं. तेव्हा अल्लाबक्ष सत्तेवर नव्हते, पण कायद्याची सुरुवात त्यांच्या बाकावरून झाली होती.

मग चले जाव आलं. 10 सप्टेंबर 1942 ला चर्चिलने पार्लमेंटात सांगितलं, की काँग्रेस म्हणजे हिंदुस्थान नव्हे आणि हिंदुस्थानात गोरं सैन्य पूर्वी कधी नव्हतं एवढं आज आहे. अल्लाबक्ष काँग्रेसचे सभासद नव्हते. त्या भाषणाशी त्यांचा काही संबंध आहे असं कुणी म्हटलं नसतं. त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून खानबहादुरी आणि ओ. बी. ई. हा इंग्रजांचा किताब, दोन्ही परत केल्या, राष्ट्रीय संरक्षण मंडळाचा राजीनामा दिला. या पदव्या म्हणजे आता आपल्याला साम्राज्याच्या खुणा वाटतात, असं त्या पत्राचं म्हणणं. मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा मात्र दिला नाही. ते पद लोकांनी दिलं आहे, सरकारने नव्हे.

मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत स्वच्छ विचार हा आहे. काय साहेबाचं आणि काय लोकांचं, हे एका वडेऱ्याच्या मुलाने वेगळं करून दाखवलं. साहेबाचं साहेबाला दिलं आणि लोकांचं ठेवलं.

गव्हर्नर ह्यू डाऊ यांनी त्यांना 10 ऑक्टोबर 1942 ला काढून टाकलं. सभागृहात बहुमत आहे की नाही, हे विचारलंच नाही. गव्हर्नरचा विश्वास उरला नाही, एवढं कारण पुरेसं होतं. 1935 च्या कायद्यात मंत्री गव्हर्नरच्या मर्जीवर, असं कलमच होतं. आपल्या बाळासाहेब खेरांनी मुंबईत मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, तो पक्षाच्या आदेशाने. अल्लाबक्षांनी राजीनामा दिला नव्हता, त्यांना बाहेर ढकललं. मागच्या रांगेतल्या मंडळींना मी एवढंच सांगते, की "चांगला मुसलमान" शोधायला मी गेले नव्हते. मी मर्जीचं ते कलम 51 वाचत होते, आणि त्या कलमाखाली निवडून आलेला कोण चिरडला गेला हे पाहताना हे नाव समोर आलं.

त्यांच्या जागी हिदायतुल्ला आले, लीगमध्ये गेले, आणि त्या मंत्रिमंडळात हिंदू महासभेची माणसं मंत्री झाली. हे सांगितलं की सभागृहात चुळबूळ सुरू होते. पण सावरकरांनी स्वतः 1942 च्या अखेरीस कानपूरच्या अधिवेशनात या सहकार्याचा दाखला व्यवहारी राजकारण म्हणून दिला आहे. 3 मार्च 1943 ला सय्यदांनी सिंधच्या विधानसभेत पाकिस्तानचा ठराव आणला. तो 24 विरुद्ध 3 मतांनी मंजूर झाला. हिंदू मंत्र्यांनी विरोधात मत दिलं आणि मंत्रिमंडळात राहिले. मी हे कुणाला टोचावं म्हणून सांगत नाही. अल्लाबक्षांना "हिंदूंच्या पाठिंब्यावर जगणारा" म्हणणारे आणि "मुसलमानांपुढे नमणारा" म्हणणारे, दोघांनाही सांगते, की त्यांना हटवल्याने कुणाची सोय झाली ते बघा.

14 मे 1943. शिकारपूरमध्ये ते टांग्यातून जात होते. गोळ्या घातल्या. वय बेचाळीस-त्रेचाळीस. गांधीजी तेव्हा पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते, काँग्रेसचे बहुतेक पुढारी तुरुंगात होते. त्यामुळे देशभर जो गदारोळ व्हायला हवा होता, तो झालाच नाही. खुनाच्या खटल्यात लीगचे बडे नेते मोहम्मद अयूब खुहरो यांच्यावरही आरोप होता. ते निर्दोष सुटले. त्यापलीकडे मी तर्क करत नाही. व्याख्यानात तुम्ही कितीही खोदलंत तरी करणार नाही.

आता उरला तिसरा प्रश्न. ते जगले असते तर? पूर्वी मी या प्रश्नावर ठामपणे "हो, निदान सिंधमध्ये" म्हणत असे. टाळ्याही पडत. त्या "हो"मधला एक तुकडा मी आजही सोडत नाही. डाऊ यांनी हात घातला नसता आणि अल्लाबक्षांचं मंत्रिमंडळ मार्च 1943 ला खुर्चीत असतं, तर तो ठराव त्या दिवशी त्या सभागृहात मंजूर झाला नसता. एवढं मी म्हणते. 1946 च्या निवडणुकीचं मी म्हणत नाही. तेव्हा लीगचं जे वारं होतं त्यापुढे पंजाबात खिजर हयात तिवाणांसारखा त्यांच्याहून मोठा जमीनदार टिकला नाही. मार्च 1947 मध्ये राजीनामा देऊन गेला. जमीनदारांचं राजकारण हे माणसांच्या हातात असलेल्या जमिनीवर चालतं. धर्माच्या नावाने माणसं घराबाहेर पडली की जमीन कुणाचंच मत वळवू शकत नाही. अल्लाबक्षांना हे सक्करमध्येच दिसलं होतं.

सक्करचे ते गृहस्थ माझं हेही उत्तर मान्य करत नाहीत. त्यांचं म्हणणं, मार्च 1943 चा ठराव कागद होता आणि नोव्हेंबर 1939 हे रक्त. ज्याने रक्त थांबवलं नाही, त्याच्या कागदाचं मोल मी जास्त लावते. मी त्यांना सांगते, की कागदावरच तुम्ही बोटीत बसलात आणि कल्याणच्या छावणीत आलात. त्यावर ते म्हणतात, छावणीची तयारी घरात 1939 पासूनच सुरू होती. आम्ही दोघंही एकमेकांना नवीन पुस्तकं देतो, एकमेकांच्या समासात पेन्सिलने लिहितो आणि आपापल्या जागी असतो. पुढच्या व्याख्यानात मंझिलगाहला अर्धा वेळ द्यायचा, हे मी त्यांच्याकडून घेतलं आहे. अल्लाबक्षांना त्यासाठी दोषी म्हणायचं, हे अजून घेतलेलं नाही.